धर्मानंद कोसंबी आणि कर्मविचार

खासगी बाजारातील मराठी घरांतही ‘कर्म’ हा शब्द बहुधा कपाळाला हात लावूनच उच्चारला जातो. कर्मभोग, कर्मकहाणी ही शब्दसंपदाच मुळी हतबलतेची आहे. पाली ग्रंथांच्या आधारे मराठी वाचकांना या शब्दाचा निराळा अर्थ सांगणारे धर्मानंद कोसंबी आपल्या ज्ञानयात्रेत याच ग्वाल्हेरीत येऊन गेले होते, याची आठवण येथे करणे उचित ठरेल.

१८७६ साली गोव्यात सांखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबींना बुद्धाचा परिचय झाला तो ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातून. १८९९ च्या अखेरीस ते घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ अशी भ्रमंती करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले आणि १९०२ मध्ये तेथे त्यांनी प्रव्रज्या घेतली. बायको-मुलीला मागे ठेवून निघालेल्या या पुरुषाने पुढे शीलावर लिहावे, हे काहींना खटकेल. मात्र १९०६ मध्ये चीवर उतरवून ते संसारात परतले, हेही ध्यानी घ्यावे.

बौद्ध मतानुसार चेतना, म्हणजे करण्यामागील हेतू, हेच कर्म. उपालिसुत्तात निर्ग्रंथ पंथाचा उपाली कायिक कर्म अधिक भारी मानतो. बुद्ध मानसिक कर्मास अग्रस्थान देतो. सीवक परिव्राजकाशी झालेल्या संवादात तर प्रत्येक सुखदुःख पूर्वकर्मामुळेच येते, हे मत बुद्धाने स्पष्टपणे नाकारले; पित्त, कफ, वात, ऋतुपालट हीही दुःखाची कारणे त्याने सांगितली. गेल्या जन्माकडे बोट दाखवून शेजाऱ्याच्या दैन्याकडे पाठ फिरविण्यास येथे आधार सापडत नाही. अकुशल कर्मपथ दहा : हिंसा, चोरी, व्यभिचार हे कायेचे तीन, लोभ, द्वेष, मिथ्यादृष्टी हे मनाचे तीन, आणि असत्य, चहाडी, कठोर भाषण व वायफळ बडबड हे वाणीचे चार. सभा-व्याख्याने भरविणाऱ्या आपणांस हा शेवटचा वाटा अंमळ अवघडच!

कोसंबींच्या ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) या ग्रंथातील ‘कर्मयोग’ हे प्रकरण या दृष्टीने अवश्य वाचावे. त्यांचे आचरणही त्या विचाराशी जुळणारे होते. कलकत्ता विश्वविद्यालयातील अधिक वेतनाची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये पत्करले. महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ लिहावा, एवढीच अट होती. बडोद्यात दिलेली त्यांची व्याख्याने १९१० मध्ये ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने मराठीत प्रसिद्ध झाली.