एक रुपयाच्या नोटेवरची रिग: मुंबई हायच्या विहिरी कशा जगवल्या

आजचा भाग सुचला तो आमच्या घरातल्या लग्नात. आईने कुठून तरी खटपट करून एक रुपयाच्या कोऱ्या नोटांची गड्डी मिळवली होती, आहेराच्या पाकिटांसाठी. पाकिटं भरायला मी, बहीण आणि मामा असे बसलो होतो. मामाने एक नोट उलटी करून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "हे काय आहे, सांग बघू."

मी म्हटलं, "जहाज."

"इतिहासाच्या गोष्टी सांगतोस ना जगाला? अरे, ही सागर सम्राट आहे."

तुमच्याकडे एक रुपयाची नोट असेल तर आत्ता बघा. मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक सांगाडा दिसतो. ही तेलाची विहीर खोदणारी रिग. जपानमध्ये हिरोशिमाला मित्सुबिशीने बांधलेली आणि १९७३ मध्ये भारतात आलेली. ही 'जॅक-अप' जातीची रिग, म्हणजे ठरलेल्या जागी तरंगत न्यायची, पाय खाली सोडून समुद्रतळावर टेकवायचे आणि मग सगळं धूड पाण्याच्या वर उचलून घ्यायचं. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, पाऊणशे मीटर खोल पाण्यात ती अशी उभी राहिली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं. त्या जागेला तेव्हा बॉम्बे हाय म्हणत, आता मुंबई हाय.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते. सोविएत जहाज 'अकादमिक अर्खांगेल्स्की'ने साठच्या दशकात केलेलं सर्वेक्षण, १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेलेला तेलाचा भाव, आणि नेमकं त्याच वेळी आपल्या दाराशी लागलेलं तेल. योग असा जुळून आला की कादंबरीत लिहिलं तर कुणाला खरं वाटणार नाही. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, पुढे उरणपर्यंत समुद्राखालून पाइपलाइन आली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला देशाच्या गरजेचं जवळपास ७० टक्के तेल देशातच निघू लागलं. आज आपण बहुतेक सगळं तेल आयात करतो. त्यामुळे तो आकडा वाचताना मी दोनदा थांबलो.

पण मामाचं म्हणणं वेगळंच होतं. तो आयुष्यभर मुंबई हायवर गेला. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, जुहूहून हेलिकॉप्टरने ये-जा. लहानपणी मी शाळेत ऐटीत सांगायचो की माझा मामा तेलाच्या विहिरी खणतो. त्या दिवशी पाकिटं भरता भरता त्याने मला दुरुस्त केलं: "मी एकही विहीर खणलेली नाही. मी आजारी विहिरी बऱ्या केल्या."

या कामाला तिथे 'वर्कओव्हर' म्हणतात. आजचा भाग त्यावर आहे, कारण मुंबई हायचा खरा इतिहास मला तिथे सापडला.

आधी विहीर आजारी का पडते ते बघू. तेलाची विहीर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जमिनीखालचा तलाव येतो. तसं काही नसतं. मुंबई हायचं मुख्य तेल समुद्रसपाटीच्या साधारण तेराशे-चौदाशे मीटर खाली, चुनखडीच्या दगडात आहे. दगडाच्या बारीक छिद्रांत ते स्पंजातल्या पाण्यासारखं मुरलेलं असतं. तोही एकसंध स्पंज नाही. चुनखडीचा एक थर, मग शेलचा पातळ पापुद्रा, पुन्हा चुनखडी, अशी उतरंड. एका थरात तेल, वरच्यात गॅस, खालच्यात पाणी, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

हे तेल वर येतं ते दाबामुळे. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलली की सोडा फसफसून वर येतो, कारण त्यात गॅस विरघळलेला असतो. तेलाचंही असंच असतं. भसाभस काढत गेलं की खालचा दाब उतरतो, विरघळलेला गॅस दगडातच सुटा होतो आणि तेलाला मागे टाकून स्वतः पुढे पळतो. विहिरीतून गॅसच जास्त यायला लागतो, तेल कमी. ढकलणारा गॅस निघून गेला की उरलेलं तेल तिथेच बसून राहतं.

यावर उपाय म्हणजे जितकं काढतोय त्याची जागा भरून काढायची. समुद्राचं पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन आणि जंतू काढून, वेगळ्या विहिरींमधून खाली ढकलायचं आणि दाब टिकवायचा. मुंबई हायमध्ये हे पाणी भरणं सुरू झालं १९८४ मध्ये. उत्पादन सुरू झालं होतं १९७६ मध्ये. मधली आठ वर्षं.

त्या आठ वर्षांबद्दल मला कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. परकीय चलनाचा खडखडाट होता आणि सरकारला बॅरल हवे होते, पुढच्या वर्षी नाही, आत्ता. पण त्याची किंमत मोजावी लागली हेही खरं. १९८९ च्या सुमाराला उत्पादन वर्षाला सुमारे दोन कोटी टनांवर पोचलं आणि नव्वदच्या दशकात धाडकन उतरलं. गॅस जास्त येतो म्हणून विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. क्षेत्र ओरबाडलं, अशी टीका झाली. माझ्या मते त्या टीकेत तथ्य होतं.

आता मामाच्या कामाकडे येतो.

बंद विहीर उघडायची म्हणजे आधी तिला 'मारायचं'. खरंच, त्यांचा शब्द तोच आहे, 'किल' करणं. जड खारं पाणी आत भरून खालून येणारा दाब दाबून टाकायचा. मग विहिरीच्या तोंडावरची झडपांची रास काढायची (हिला हे लोक ख्रिसमस ट्री म्हणतात, आणि आमचा मामा भर श्रावणात म्हणायचा) आणि तिथे ब्लोआउट प्रिव्हेंटर बसवायचा. त्यानंतर आतली ट्यूबिंग, शेकडो मीटर लांबीची नळी, तुकड्यातुकड्याने वर खेचून काढायची. गंजलेली असेल तर बदलायची. ज्या थरातून नुसता गॅस किंवा पाणी येतंय तो सिमेंट दाबून बुजवायचा. वरच्या किंवा खालच्या दुसऱ्या थरासमोर केसिंगला नवी भोकं पाडायची. दगड चुनखडीचा असल्यामुळे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सोडलं की छिद्रं थोडी मोकळी होतात. शेवटी विहिरीला पुन्हा 'जागं' करायचं. दाब अगदीच कमी असेल तर ट्यूबिंगमध्ये मध्येच गॅस सोडायचा, म्हणजे तेलाचा स्तंभ हलका होऊन वर चढतो. याला म्हणतात गॅस लिफ्ट. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मामा म्हणाला, "एकेका विहिरीवर आठवडे जातात, आणि शेवटी काय, तर ती पूर्वीच्या निम्मं तेल देते. त्यातही आम्ही पेढे वाटायचो." ते पेढे कुठल्या वर्तमानपत्रात छापून आले नाहीत. तेल लागलं की बातमी होते. आटलेल्या विहिरीतून पुन्हा थोडं तेल आलं तर होत नाही.

आता २००५. २६ जुलै म्हटलं की मुंबईकराला पूर आठवतो. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हाय नॉर्थला काय झालं ते त्या पुरात जणू बुडून गेलं. 'समुद्र सुरक्षा' या जहाजावर एका आचाऱ्याच्या बोटांची टोकं कापली गेली होती. उपचारासाठी त्याला प्लॅटफॉर्मवर चढवलं गेलं. खवळलेल्या समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मवर आदळलं आणि उभ्या नळ्यांना धडक बसली. त्या नळ्या गॅस लिफ्टच्या होत्या. थकलेल्या विहिरींना उचलून धरणारा गॅसच पेटला. नळ्यांच्या टोकांना आणीबाणीच्या झडपा होत्या, पण काही नळ्यांची लांबी बारा किलोमीटरपर्यंत होती. झडपा बंद झाल्या तरी मधला सगळा गॅस जळायला शिल्लकच. साधारण दोन तासांत तो प्लॅटफॉर्म उरला नाही.

त्या संकुलात आणि आजूबाजूला मिळून ३८४ माणसं होती. पावसाळी समुद्र, पाण्याखाली गेलेली मुंबई, आणि तरीही ३६२ जण वाचले. २२ जण गेले. 'समुद्र सुरक्षा'वर दाबाच्या बंद कक्षात सहा पाणबुडे अडकले होते. अशा कक्षातून माणसाला एकदम बाहेर काढता येत नाही, शरीरावरचा दाब हळूहळूच उतरवावा लागतो. त्यांना सुमारे छत्तीस तासांनी सोडवलं. १ ऑगस्टला जहाज बुडालं.

मामाचे ते घरी असायचे चौदा दिवस होते. घरात कमरेइतकं पाणी, फोन बंद, वीज नाही. त्याला कळलं दुसऱ्या दिवशी, शेजाऱ्यांच्या बॅटरीवरच्या रेडिओवरून. आम्हाला वाटायचं तो त्या दिवसाबद्दल बोलत नाही. पाकिटं भरताना तो बोलला, पण एवढंच: "पाणी ओसरल्यावर पहिलं काम काय केलं ठाऊक आहे? बॅग भरली."

जो प्लॅटफॉर्म जळाला तो मुख्यतः प्रक्रियेचा होता. आजूबाजूच्या विहिरींचं तेल तिथे येऊन गॅस आणि पाणी वेगळं व्हायचं. म्हणजे विहिरी होत्या, पण त्यांचं तेल जायला वाटच राहिली नव्हती. विहिरीच्या नळीत समुद्रतळाखाली एक सुरक्षा झडप असते. वरून येणारा दाब गेला की ती आपोआप मिटते. दिवसाला सुमारे १ लाख २० हजार बॅरल तेल थांबलं होतं. मग एकेका विहिरीचा प्रवाह दुसऱ्या प्लॅटफॉर्मकडे वळवायचं काम सुरू झालं, तेही पावसाळ्यात. मोठा भाग काही आठवड्यांतच परत वाहू लागला. नव्या प्लॅटफॉर्मला मात्र काही वर्षं गेली.

याच काळात मुंबई हायच्या पुनर्विकासाचा मोठा कार्यक्रमही चालू होता, २०००-०१ च्या सुमाराला हाती घेतलेला. त्यातली मला आवडलेली युक्ती म्हणजे साइड-ट्रॅक. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर विहिरींना मोजक्याच जागा असतात, वाटेल तिथे नवी विहीर घेता येत नाही. म्हणून जुन्या विहिरीच्या केसिंगला मध्येच एक खिडकी कापायची आणि तिथून नवी वाट काढायची, तेलाच्या थरातून आडवी नेत. वरून बघणाऱ्याला विहीर तीच जुनी, खाली मात्र वेगळ्याच गावाला गेलेली. अशा कामांमुळे घसरण रोखली गेली. ऐंशीच्या दशकातले दिवस परत आले नाहीत, येणारही नव्हते. २०२५ च्या सुरुवातीला ओएनजीसीने बीपी या ब्रिटिश कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक मदतीला घेतलं. तेल आणि गॅस मिळून उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढवता येईल असा बीपीचा अंदाज आहे. मामाला विचारलं तर म्हणाला, "बघू या."

आणि नोटेवरची सागर सम्राट? बत्तीस वर्षांत तिने सुमारे सव्वाशे विहिरी खोदल्या. मग तिला भंगारात न काढता फिरतं उत्पादन केंद्र बनवायचं ठरलं. ते काम दहा वर्षांहून जास्त रेंगाळलं, पण डिसेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा अरबी समुद्रात उभी राहिली. आता ती खोदत नाही. दुसऱ्यांनी खोदलेल्या विहिरींचं तेल घेते.

हे ऐकल्यावर मामा खूश झाला. त्याने ती नोट घडी न घालता चष्म्याच्या डबीत ठेवली. मग एका पाचशेच्या पाकिटाला एक रुपया कमी पडला, आणि आईने कुरकुरत त्यात नाणं टाकलं.