कर्णा बदलला, कुत्रा तोच!

पणजोबांनी घेतलेला आणि आजोबांनी झिजवलेला कर्ण्याचा ग्रामोफोन माळ्यावरून खाली उतरला, तेव्हा सौ. एवढंच म्हणाली, "भंगारवाला रविवारी येतो."

पण मी पडलो बँकेतला कारकून. तपासणी केल्याशिवाय कुठलंही खातं बुडीत धरायचं नाही, ही आमची शिस्त. तपासणीत निघालं ते असं : स्प्रिंग तुटलेली, साउंडबॉक्समधली अभ्रकाची चकती तडकलेली, तिच्या कडेची रबरी नळी वाळून लाकूड झालेली, आणि काळ्या पत्र्याच्या कर्ण्याला एक खोल पोचा.

स्प्रिंग, अभ्रक, रबर हे सगळं जुन्या मापाचं, पण नवं बनवलेलं मिळतं. ते बसवलं. गव्हर्नरच्या वजनांनी ताल धरला आणि तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेऊ लागली. इथेच थांबायचं, तर मला दुर्बुद्धी सुचली. कळकट टोनआर्म एका मुलामेवाल्याकडे दिला. आठ दिवसांनी तो असा लखलखत परतला, की त्यात बघून दाढी करावी!

शेजारचे नाना जुन्या वस्तूंचे दर्दी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, हे क्रोम! १९१० च्या सुमारास क्रोम कुठलं? तेव्हा निकेल. क्रोम बाजारात रुळलं ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस."

निकेलची झाक जराशी पिवळसर, क्रोमची निळसर. वीस वर्षं लोकांच्या सह्या पडताळणाऱ्या माणसाने पणजोबांची खोटी सही केली होती!

"मग नवी स्प्रिंग कशी चालते?" मी कुरकुरलो.

"तुम्ही हरवलेल्या पावतीची दुसरी प्रत देता, तिच्यावर 'डुप्लिकेट' लिहिता ना? तसं लिहा. न लिहिता खपवलं की चोरबाजार." नवी पेटी, नवा पितळी कर्णा, वर कुत्र्याचं चित्र डकवलं, की प्रवाशांच्या गळ्यात 'इंग्रजी अमदानीतला' ग्रामोफोन बांधता येतोच.

मी मुकाट्याने जीभ चावली. कारण पोचट कर्णा काढून नवा पितळी बसवायचा, हे मनात पक्कं झालं होतं.

नाना हसले. "पितळेचा मोह जुनाच. तो कुत्र्याचा चित्रकार, फ्रान्सिस बॅरो. दिवंगत भावाचा कुत्रा निपर त्याने १८९८ मध्ये रंगवला, तो एडिसन पद्धतीच्या फोनोग्राफसमोर. कर्णा काळा, म्हणून चित्र उठेना. १८९९ मध्ये तो नमुन्याला पितळी कर्णा मागायला लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत गेला. साहेब म्हणाला, 'सगळं यंत्रच आमचं काढा, चित्र विकत घेतो.' पन्नास पौंड चित्राचे, पन्नास हक्कांचे. बॅरोने वरूनच रंग दिला. उजेड नेमका पडला, की खालचा फोनोग्राफ अजून दिसतो म्हणतात."

म्हणजे जगातला सगळ्यात प्रसिद्ध ग्रामोफोनसुद्धा मागाहून बसवलेला! अस्सल काय, तर मान तिरकी करून ऐकणारा तो जीव.

क्रोम उतरवून निकेल चढवलं. पेटीच्या आत नव्या भागांची यादी तारखेसह लिहून खाली सही ठोकली. कर्ण्याला हात लावला नाही.

रात्री तबकडी लावली. बाबांना हल्ली ऐकू कमी येतं. ते मान तिरकी करून कर्ण्याशी बसले. बोटं चाचपडत पोच्यावर थांबली.

"हा माझा," ते म्हणाले. "सहा वर्षांचा होतो. अण्णांनी बडव बडव बडवलं होतं."

आणि मग कितीतरी वेळ त्यांनी हात काढला नाही.