दुर्गचा डोंगर आणि रुळांचं पक्कं गिऱ्हाईक

दुर्गला बदली झाली की पहिली ओळख होते ती भिलाईच्या रुळांशी. मालगाडीवर लादलेले लांबच लांब रूळ बघत माणूस फाटकापाशी उभा राहतो. माझी बरीच नोकरी क्वार्टरमास्टर स्टोअरमध्ये गेली. त्यामुळे वस्तू दिसली की मनात प्रश्न येतो: कोणी घेतली, काय दरानं? रुळांच्या बाबतीत हा प्रश्न मला थेट नागपुरात घेऊन गेला.

1903 च्या सुमारास दोराबजी टाटा लोखंडाच्या शोधात मध्य प्रांताच्या राजधानीत, नागपूरला आले होते. तिथल्या संग्रहालयातल्या भूगर्भ-नकाशात त्यांना दुर्गचा भाग गडद रंगवलेला दिसला. त्या खुणेवरून त्यांची माणसं दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरावर पोचली. खनिज उत्तम होतं, पण जवळ योग्य कोळसा नव्हता आणि पाणीही पुरेसं नव्हतं. कारखाना शेवटी साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला.

त्यामागे सरकारचा एक शब्द होता. दहा वर्षं, दरसाल 20 हजार टन रूळ, आयात मालाच्या भावानं घेऊ. मात्र माल ठरल्या प्रतीचा हवा. कारखाना उभा राहण्याआधीच गिऱ्हाईक ठरलं होतं. 1907 मध्ये भाग विक्रीला निघाले, तेव्हा सुमारे 8 हजार हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत भांडवल उभं केलं.

मग पहिलं महायुद्ध आलं. मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या आपल्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. बसऱ्याहून वर रेल्वे नव्हती आणि नदीतल्या बोटी अपुऱ्या होत्या. कुमक आणि रसद मागेच अडकून पडली. 29 एप्रिल 1916 ला कूट पडलं. त्यानंतर मात्र त्या वाळवंटात झपाट्यानं रूळ पडले, आणि त्यांत साकचीचा मालही होता. बाजारात भाव कडाडले असताना कंपनी सरकारला करारातल्या कमी दरानं रूळ देत होती.

युद्ध संपल्यावर फासे उलटे पडले. खर्च वाढला, परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागलं, आणि रुळांचे जुने दर मात्र करारात बांधलेले. कंपनी बुडण्याच्या बेतात आली. 1924 मध्ये सरकारला संरक्षक कायदा करून रुळांवर अनुदान द्यावं लागलं.

दल्ली-राजहऱ्याचं खनिज मात्र वाया गेलं नाही. 1955 मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला, 1959 मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि तो डोंगर सरकारी कारखान्याच्या कामी आला. पुढे अनेक दशकं रेल्वेचे रूळ म्हणजे भिलाई, असंच समीकरण होतं. पण रेल्वेची गरज वाढत गेली, भिलाईचा पुरवठा कमी पडू लागला. शेवटी जागतिक निविदा निघाली आणि 2018 मध्ये ऑर्डर मिळाली ती याच छत्तीसगडच्या रायगढमधल्या खासगी जिंदाल कारखान्याला.

स्टोअरमध्ये आम्ही सगळ्यात कमी दर कोणाचा, हे आधी बघायचो. ते बघायलाच हवं, पैसा जनतेचा आहे. पण रूळ काय किंवा दारूगोळा काय, गरज पडली त्या दिवशी बाजारात मिळत नाही. तो करणारा कारखाना आधी जगवावा लागतो, आणि तो जगतो गिऱ्हाइकाच्या शब्दावर. शब्द द्यावा, प्रत तपासावी, आणि काळ बदलला की दरही बदलता येईल एवढी सोय कागदावर ठेवावी. रसद वेळेवर पोचली नाही की काय होतं, हे कूटला आपल्या पलटणींनी भोगलं आहे.

जय हिंद.