नाव ६८६, काम अपुरे : कर्नलचे अपग्रेड आणि कमी ऊर्जेचे प्रोसेसर (१९९५–२०२५)

या पाठात आपण एका साध्या दिसणाऱ्या बिघाडाचा इतिहास पाहणार आहोत. काल रात्रीपर्यंत संगणक नीट चालत होता. ऑपरेटिंग सिस्टीमचे अपग्रेड झाले, संगणक पुन्हा सुरू केला आणि काळ्या पडद्यावर एक-दोन ओळी उमटून सगळे थांबले. मेमरी, डिस्क, वीजपुरवठा, सगळे ठीक आहे. मग बिघडले काय?

उत्तर असे की काहीच बिघडलेले नाही. प्रोसेसर आणि कर्नल यांच्यात एक करार होता, आणि त्यातली एक अट कर्नलने बदलली. ही अट कधी बदलली, का बदलली आणि तिचा फटका छोट्या, स्वस्त, कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरनाच वारंवार का बसला, हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

१. बूट होताना नेमके काय घडते?

संगणक सुरू झाल्यावर फर्मवेअर बूटलोडरला जागे करते. बूटलोडर कर्नलची फाइल मेमरीत आणतो आणि ताबा तिच्याकडे देतो. कर्नल म्हणजे शेवटी आज्ञांची एक लांबलचक रांग. कोणत्या आज्ञा वापरायच्या हे कर्नल तयार करतानाच कंपायलरला सांगितलेले असते. ‘किमान ६८६ प्रोसेसर आहे असे समज’ असे सांगितले, तर कंपायलर ६८६ च्या आज्ञा खुशाल वापरतो.

प्रोसेसरला माहीत नसलेली आज्ञा समोर आली की तो ‘अवैध आज्ञा’ हा अपवाद उठवतो. एक्स८६ कुळात या अपवादाचा क्रमांक ६ आहे. सगळी व्यवस्था उभी असेल, तर कर्नल तो अपवाद हाताळू शकतो. पण बूटच्या अगदी पहिल्या टप्प्यात हाताळणारे कोणीच नसते. अशा वेळी संगणक गोठतो किंवा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतो, आणि वापरणाऱ्याला कारण कळत नाही.

म्हणून लिनक्स कर्नलमध्ये सुरुवातीलाच एक तपासणी ठेवलेली आहे. २००७ मध्ये एच. पीटर ॲन्विन यांनी एक्स८६ साठीचा हा आरंभीचा भाग असेंब्लीऐवजी मुख्यतः सी भाषेत नव्याने लिहिला. तो जाणूनबुजून जुन्यातल्या जुन्या आज्ञा वापरतो, म्हणजे निदान नकार देण्यापुरता तरी तो कुठेही चालतो. तो प्रोसेसरला ‘सीपीयूआयडी’ या आज्ञेने प्रश्न विचारतो : तुझ्याकडे अमुक सोय आहे का? नसेल तर कोणती सोय कमी पडते ते पडद्यावर लिहून तो थांबतो. आरंभी हा निरोप ‘०:६’ किंवा ‘०:१५’ असा आकड्यांत येई; पुढे सोयींची नावे येऊ लागली. या दोन आकड्यांमागे आपल्या इतिहासाचे दोन अध्याय दडलेले आहेत.

२. पहिला अध्याय : ‘०:१५’ आणि व्हिया सी३

१९९५ च्या नोव्हेंबरमध्ये इंटेलने पेंटियम प्रो बाजारात आणला. ६८६ म्हणून ओळखली जाणारी पिढी येथून सुरू झाली. त्यात ‘सीमूव्ह’ नावाच्या नव्या आज्ञा होत्या. अट खरी असेल तरच मूल्य हलवायचे, असे त्यांचे काम. त्यामुळे काही ठिकाणी प्रोग्रॅममधल्या उड्या वाचतात. इंटेलच्या पुस्तिकेत मात्र एक सूचना होती : ही आज्ञा प्रत्येक प्रोसेसरवर असेलच असे नाही, सीपीयूआयडीने तपासून घ्या. तिचा क्रमांक १५.

१९९९ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने सायरिक्स आणि सेंटॉर हे दोन प्रोसेसर-विभाग विकत घेतले. सेंटॉरचे धोरण ठरलेले होते : चिप लहान ठेवायची, वीज कमी लागली पाहिजे, किंमत कमी राहिली पाहिजे. त्यातून सी३ हे प्रोसेसर आले. १७ सेंटिमीटर लांब-रुंद मिनी-आयटीएक्स बोर्डांवर ते बसले आणि छोट्या सर्व्हरसाठी, राउटरसाठी, आवाज न करणाऱ्या घरगुती संगणकांसाठी लोकांनी ते घेतले.

सी३ स्वतःची ओळख ‘कुळ ६’ अशी सांगत असे. पण त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत सीमूव्ह नव्हती. पुस्तिकेच्या अक्षराप्रमाणे यात काही चूक नव्हती, कारण ती सोय ऐच्छिक होती. पण कंपायलरने ६८६ या शब्दाचा अर्थ ‘सीमूव्ह आहेच’ असा धरला. वितरणांमध्ये ३८६, ५८६, ६८६ अशा नावांचे वेगवेगळे कर्नल मिळत. सी३ वाल्याने आपल्या प्रोसेसरचे कुळ पाहून ६८६ चा कर्नल निवडला की संगणक उठत नसे. २००३ च्या नेहेमिया आवृत्तीत व्हियाने सीमूव्ह आणली, पण आधी विकले गेलेले बोर्ड होते तसेच राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पुस्तिकेत लिहिलेला करार आणि वापरातून रूढ झालेला करार वेगळे असू शकतात. त्या दोहोंत फरक पडला की जो संख्येने थोडा असतो, त्यालाच नमते घ्यावे लागते.

३. दुसरा अध्याय : ‘०:६’ आणि पेंटियम एम

पेंटियम प्रोनेच आणलेली दुसरी सोय म्हणजे पीएई. ३२ बिटांच्या पत्त्यांऐवजी ३६ बिटांचे भौतिक पत्ते, म्हणजे ४ जीबीऐवजी ६४ जीबीपर्यंत मेमरी. तिचा क्रमांक ६. लॅपटॉपमध्ये एवढी मेमरी तेव्हा कोणी स्वप्नातही आणत नव्हते. मार्च २००३ मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी पेंटियम एम आणला, तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीने (बॅनियस) सीपीयूआयडीत पीएईची खूण दाखवली नाही. त्याच घराण्यातल्या कित्येक सेलेरॉन एमचीही तीच गत होती.

पुढे दहा वर्षांत पीएईचे महत्त्व वेगळ्याच कारणाने वाढले. डेटाच्या जागेतून कोड चालू न देणारी ‘एनएक्स’ ही सुरक्षेची सोय ३२ बिटांच्या कर्नलला पीएई असेल तरच वापरता येते. शिवाय पीएईसह एक आणि पीएईविना एक असे दोन कर्नल बांधणे, तपासणे आणि त्यांच्या सुरक्षा-दुरुस्त्या वर्षानुवर्षे देत राहणे म्हणजे दुप्पट काम. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या उबुंटू १२.१० ने पीएईविना कर्नल देणे बंद केले. त्याच वर्षीच्या विंडोज ८ नेही पीएई, एनएक्स आणि एसएसई२ या तीन सोयी सक्तीच्या केल्या. डेबियनने २०१३ च्या आवृत्तीत अशा संगणकांना ‘४८६’ नावाच्या कर्नलकडे वळवले.

म्हणजे ज्यांच्या लॅपटॉपवर कुळ ६ चा, गिगाहर्ट्झहून वेगवान प्रोसेसर होता, त्यांना ४८६ चा कर्नल घ्यावा लागला! पण गंमत पुढेच आहे. पहिल्या पेंटियम एममध्ये पीएई प्रत्यक्षात काम करत होती. फक्त खूण लावलेली नव्हती. हे उमगल्यावर जून २०१४ च्या लिनक्स ३.१५ मध्ये ‘फोर्सपीएई’ हा बूट-पर्याय आला. वापरणाऱ्याने तो स्वतः लिहायचा. कर्नल इशारा देतो की जोखीम तुमची, आणि प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेबाहेर वापरला जात असल्याची नोंद स्वतःकडे ठेवतो.

४. तिसरा अध्याय : काहीच न करणारी आज्ञा

२००५ मध्ये निकोलस निग्रोपाँटे यांनी ‘मुलामागे एक लॅपटॉप’ ही कल्पना जगापुढे मांडली. तिच्यातून आलेल्या एक्सओ-१ या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये एएमडीचा जिओड एलएक्स हा ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि १ जीबी फ्लॅश होती. वीज तुटपुंजी असलेल्या ठिकाणी चालावा म्हणून प्रोसेसर मुद्दाम असा निवडला होता. भारतातला त्याचा आरंभीचा प्रयोग २००७ मध्ये महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या छोट्याशा शाळेत झाला.

जिओड एलएक्सकडे सीमूव्ह होती. त्याच्याकडे नव्हती ती ‘लांब नॉप’. नॉप म्हणजे काहीच न करणारी आज्ञा. कोडमधल्या मोकळ्या जागा भरायला ती लागते. पेंटियम प्रोपासून तिचे अनेक बाइटचे लांब रूपही चालत असे, पण इंटेलने ते पुस्तिकेत बऱ्याच वर्षांनी नोंदवले. त्यासाठी सीपीयूआयडीत खूणही नाही. म्हणजे प्रोसेसरला विचारून उत्तर मिळेल अशी सोयच नाही.

पुढे इंटेलने प्रोग्रॅमचा प्रवाह वळवणारे हल्ले रोखण्यासाठी नव्या आज्ञा आणल्या. जुने प्रोसेसर त्यांना लांब नॉप समजून पुढे जातील, अशा बेताने त्यांची रचना केली. कल्पना चांगली होती. पण लांब नॉप ज्याला ठाऊकच नाही, त्याला ही आज्ञा अवैध वाटते. अशी आज्ञा कर्नलने सुरू केलेल्या पहिल्याच प्रोग्रॅममध्ये आली, तर तो प्रोग्रॅम मरतो, आणि पहिला प्रोग्रॅम मेल्यावर कर्नलही ‘पॅनिक’ होऊन थांबतो. कर्नल उठला, पण घर उभे राहिले नाही.

डेबियनने २०१७ च्या आवृत्तीत ५८६ चे प्रोसेसर वगळले, तेव्हा जिओडला अपवाद म्हणून सांभाळून घेतले होते. १० जून २०२३ च्या डेबियन १२ मध्ये तो अपवाद संपला. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ पासून तर ३२ बिटांच्या पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणेच बंद झाले.

५. उलटा प्रवास आणि उघड निरोप

अपग्रेड नेहमी दार बंदच करते असे मात्र नाही. २०१३ नंतर आलेल्या बे ट्रेल घराण्यातल्या ॲटम टॅब्लेटमध्ये प्रोसेसर ६४ बिटांचा, पण फर्मवेअर ३२ बिटांचे, असा विचित्र जोड असे. ६४ बिटांचा कर्नल तेथे बूटच होत नसे. वर उल्लेखलेल्या ३.१५ याच आवृत्तीने ६४ बिटांच्या कर्नलला ३२ बिटांच्या फर्मवेअरशी बोलायला शिकवले. एकाच अपग्रेडमधून दोन वेगळ्या प्रकारच्या छोट्या संगणकांना दार उघडले.

निरोप द्यायचाच असेल तर तो उघडपणे देता येतो, याचेही उदाहरण आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहिले ते ३८६ वर. त्याच ३८६ चा आधार डिसेंबर २०१२ मध्ये इंगो मोल्नार यांच्या प्रस्तावानुसार काढला गेला. कारणे सगळ्यांसमोर मांडली गेली : ३८६ मध्ये काही मूलभूत आज्ञा नाहीत, आणि त्याच्यासाठी ठेवलेले खास मार्ग इतर सगळ्यांचे काम अवघड करतात. ज्यांच्याकडे ३८६ होता, त्यांना ३.८ च्या आधीच्या आवृत्तीवर थांबायचे हे कळले.

६. या इतिहासातून काय घ्यायचे?

पहिली गोष्ट, प्रोसेसरचे नाव किंवा कुळाचा आकडा पाहून निर्णय घेऊ नका. सोयींची यादी पाहा. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ या निर्देशिकेतली ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल उघडली की ‘फ्लॅग्ज’च्या ओळीत ती यादी मिळते. दुसरी, नवा कर्नल चालल्याची खात्री होईपर्यंत जुना काढू नका. बूटलोडरच्या यादीतला जुना कर्नल हाच अशा वेळी परतीचा रस्ता असतो. तिसरी, पडद्यावरचा निरोप पुसून टाकण्याआधी तो लिहून घ्या. ‘०:६’ एवढ्या तीन चिन्हांतही सगळे निदान असते.

चौथी गोष्ट तांत्रिक नाही. देखभाल करणाऱ्यांची अडचण खरी आहे : ज्या प्रोसेसरचा एकही नमुना तपासायला हाताशी नाही, त्याची हमी कशी द्यायची? पण फटका बसतो तो बहुधा त्या संगणकांना, जे स्वस्त असल्यामुळे किंवा कमी विजेत चालतात म्हणून कोणीतरी घेतलेले असतात. शाळेच्या कपाटातल्या संगणकाला ‘नवा घ्या’ हे उत्तर पुरत नाही. म्हणून प्रश्न केवळ आधार किती वर्षे द्यायचा एवढाच नाही. आधार काढताना ज्याचा जातो त्याला ते आधी कळले का, आणि कळल्यावर वापरता येईल असा रस्ता त्याच्यासमोर उरला का, हाही आहे. पुढे तुम्ही स्वतः सॉफ्टवेअर लिहाल आणि कंपायलरला ‘किमान अमुक प्रोसेसर’ असे सांगाल. त्या एका शब्दाने कोणाचा तरी संगणक यादीबाहेर जाणार आहे, हे तेव्हा आठवा.

विचारासाठी प्रश्न

१. सी३ च्या बाबतीत चूक कोणाची मानाल : सोय वगळणाऱ्या प्रोसेसरची, की ती गृहीत धरणाऱ्या कंपायलरची? कारणे द्या.
२. बूटच्या सुरुवातीची तपासणी जुन्यातल्या जुन्या आज्ञांत लिहिणे का आवश्यक आहे?
३. सीमूव्हची उणीव आधीच ओळखता येते, पण लांब नॉपची ओळखणे अवघड जाते. असे का?
४. तुमच्या महाविद्यालयातल्या सर्वांत जुन्या संगणकाच्या ‘फ्लॅग्ज’ पाहा आणि त्यावर कोणता कर्नल चालेल ते ठरवा.