वरच्या कप्प्यातली दोन इंजेक्शनं

मुकुंदवाडीत मला सगळे सिस्टर म्हणूनच हाक मारतात. माझी सारी नोकरी हृदयरुग्णांच्या आयसीयूत झाली. शेजारणी विचारतात, "सिस्टर, ठोके भलतेच पळायला लागले, माणूस पुन्हा पुन्हा बेशुद्ध पडायला लागला, की तुम्ही नेमकं टोचता तरी काय?"

आमच्या इमर्जन्सी ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात दोन इंजेक्शनं असत आणि दोन्ही मुळात हृदयासाठी नव्हतीच. लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी तयार केलं ते बधिरतेसाठी. दात काढताना हिरडीत टोचतात तेच. साठच्या दशकात ते हृदयाच्या वॉर्डात स्थिरावलं.

दुसऱ्याचं, अमिओडॅरोनचं, मूळ इजिप्तमध्ये. तिथं ओव्याच्या कुळातली खेल्ला नावाची वनस्पती लोक मूतखड्यावर घेत. कैरोतल्या आनरेप या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतल्या एका कर्मचाऱ्याने ती घेतली आणि त्याची छातीतली कळ थांबली. त्या धाग्यावरून १९६१ च्या सुमारास बेल्जियममध्ये हे औषध बनलं, तेही छातीच्या कळेसाठीच. ते ठोके ताळ्यावर आणतं हे १९७० मध्ये ऑक्सफर्डला दाखवून दिलं ब्रमा सिंग यांनी. फिजीत जन्मलेला भारतीय वंशाचा हा माणूस आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

अमिओडॅरोनची अँप्यूल सिरिंजमध्ये घाईनं ओढली की फेस होतो. समोर मॉनिटर किंचाळत असतो, तरी हात सावकाशच चालवावा लागतो. ड्रिप लावायची ती डेक्स्ट्रोजमध्ये, सलाइनमध्ये नाही. आणि हाताच्या बारीक शिरेतून फार वेळ चालली तर शीर लालबुंद होऊन सुजते. नव्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगायची.

पण मॉनिटरवरचे ठोके ताळ्यावर आले म्हणजे माणूस वाचला असं नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या 'कास्ट' चाचणीनं हे सगळ्या जगाला शिकवलं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्यांनी हार्ट अटॅकनंतरचे जादा ठोके थांबत होते, मात्र गोळ्या घेणारेच जास्त दगावत होते. चाचणीतून त्या गोळ्या काढाव्या लागल्या.

चोवीस तासांत तीन किंवा त्याहून अधिक वेळा ठोके भलतेच पळण्याचा झटका आला, तर डॉक्टर त्याला 'इलेक्ट्रिकल स्टॉर्म' म्हणतात. रुग्ण शुद्धीवर असताना ठोके ताळ्यावर आणायला दिलेला विजेचा शॉक बसला, की तो भेदरतो. भीतीनं अॅड्रेनलिन वाढतं आणि त्यातूनच पुढचा झटका येतो. २००० साली नाडेमनी आणि सहकाऱ्यांनी अशा ४९ रुग्णांचा अनुभव मांडला: ज्यांना बीटा ब्लॉकरसारख्या उपायांनी या अॅड्रेनलिनपासून वाचवलं, ते कितीतरी अधिक संख्येनं जगले. तेव्हापासून अमिओडॅरोनच्या जोडीला बीटा ब्लॉकर आणि झोपेचं औषध यांचं महत्त्व वाढत गेलं.

शेजारणींना मी एवढं सगळं सांगते आणि मग १०८ चा नंबर पाठ करून घेते. कारण ही इंजेक्शनं जालना रोड ओलांडून पोचेपर्यंत छाती दाबत राहायचं काम घरातल्यांनाच करावं लागतं.