पुतळीवरची अक्षरे

मराठी अलंकारांत पुतळ्यांच्या माळेला मानाचे स्थान आहे. ‘पुतळी’ हे मुळात एका परकीय नाण्याचे मराठी नाव, ही गोष्ट मात्र सहसा आपल्या ध्यानात नसते. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ पासून पाडलेले ‘डुकाट’ हे सोन्याचे नाणे व्यापाराच्या वाटेने आपल्या किनाऱ्यावर आले आणि त्यावरील मनुष्याकृतींमुळे पुतळी म्हणून ओळखले जाऊ लागले. सभासदाच्या बखरीतील खजिन्याच्या यादीत होनांच्या जोडीला पुतळीही आहे.

या नाण्याची जितकी पत, तितक्याच त्याच्या नकला. मग अस्सल डुकाट ओळखावे कसे?

पहिला मान अर्थातच सोनाराच्या कसोटीचा. पण कसोटी सोन्याचा कस सांगते, नाण्याचे कूळ सांगत नाही. वजनाचेही तसेच. डुकाट सुमारे साडेतीन ग्रॅमचे व जवळजवळ शुद्ध सोन्याचे. सोने पाण्याच्या १९.३ पट जड असल्याने पाण्यात तोलल्यास त्याचे वजन जेमतेम ०.१८ ग्रॅमने घटते. आत चांदी किंवा तांबे असेल तर ही घट वाढते आणि लबाडी उघडी पडते. परंतु नक्कलच चोख सोन्याची असेल तर? भारतात घडलेल्या कित्येक पुतळ्या तशाच होत्या.

येथे अक्षरे साक्षीला येतात. डुकाटच्या एका बाजूस संत मार्क व त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे ‘डोज’. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबगोलात ख्रिस्त. १७९७ मध्ये प्रजासत्ताक लयाला जाईपर्यंत, पाच शतके, ही मांडणी जवळपास तीच राहिली. बदलत गेले ते डोजचे नाव. म्हणून ज्याला नाव वाचता येते त्याला नाण्याचा काळ कळतो. आपल्या कारागिराला लॅटिन येत नव्हते. त्याने अक्षरे वाचली नाहीत, चित्रासारखी उतरवली. परिणामी ती उलटली, एकमेकांत मिसळली, शेवटी नुसत्या उभ्या रेघा उरल्या. अर्थ न कळता पोथी उतरवणाऱ्या लेखकूचे प्रमाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही प्रक्रिया अपरिचित वाटू नये.

आजचा फसवणूक करणारा मात्र निराळा. तो अस्सल नाण्याचाच साचा घेतो. त्यामुळे त्याची अक्षरे बिनचूक असतात. पण ओतीव नाण्याच्या कडा बोथट, पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे. शिवाय मूळ नाण्यावरचा एखादा ओरखडाही साच्यात उतरतो. दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला, तर निदान एक तरी नक्कल आहे. समान चुकांवरून हस्तलिखितांचे कूळ शोधणारी पाठचिकित्सा याहून वेगळे काय करते?

या दोन नकला एकाच तागडीत घालणे अन्यायाचे होय. साच्यातली नक्कल ग्राहकाला फसवण्यासाठी जन्मते. रेघांच्या अक्षरांची पुतळी व्हेनिसची नसेल, पण ती येथल्या कारागिराची, येथल्या गळ्यासाठी घडलेली अस्सल वस्तू आहे. ‘अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणजे खोटी’ असे म्हणून ती आटवली जाते, तेव्हा सोन्याचा भाव पुरेपूर मिळतो. परंतु दूरच्या देशाचे नाणे आपल्याकडे अलंकार कसे झाले, याचा एक पुरावा मुशीत कायमचा विरघळतो.