कस्ब : मानवी कृतीविषयीचा अशअरी सिद्धान्त

कस्ब (अरबी, शब्दशः ‘कमावणे’) : इस्लामी ईश्वरमीमांसेतील, म्हणजे कलामशास्त्रातील, एक सिद्धान्त. माणसाची प्रत्येक कृती ईश्वर निर्माण करतो, माणूस ती ‘कमावतो’ आणि म्हणून तिचा जाब त्याला द्यावा लागतो, असे हा सिद्धान्त सांगतो. मराठीतील ‘कसब’ याच शब्दातून आला. आपल्याकडे त्याचा अर्थ धंदा, हुन्नर, कौशल्य असा रुळला.

इस्लाम म्हणजे दैववाद आणि पश्चिम म्हणजे स्वातंत्र्य, ही सर्रास केली जाणारी वाटणी चुकीची आहे. माणूस स्वतंत्र की दैवाधीन, हा वाद इस्लामच्या पहिल्या शतकातच पेटला होता. घडते ते सारे ईश्वरी संकेताने, हे मत उमय्या सत्तेला (661–750) सोयीचे होते. माणूस आपल्या कर्माला स्वतः जबाबदार आहे, असे मानणाऱ्या कदरी पंथातील घैलान अद्-दिमश्की याला खलीफा हिशामच्या कारकिर्दीत देहदंड झाला. पुढे मुअतझिला पंथाने युक्तिवाद नेटका केला : ज्याच्या हाती करणे वा न करणे नाही, त्याला शिक्षा देणे हा अन्याय; ईश्वर अन्यायी नाही; तेव्हा कृती माणसाचीच.

बसऱ्याचा अबुल हसन अल्-अशअरी (सु. 874–936) आधी मुअतझिलीच होता. निर्माता एकच असताना माणसाला स्वतःच्या कृतींचा निर्माता कसे म्हणावे, हा प्रश्न त्याने उभा केला. मात्र त्याने माणसाला कळसूत्री बाहुली ठरवले नाही. हीव भरून हात थरथरणे वेगळे आणि आपण होऊन हात उचलणे वेगळे; दुसऱ्या प्रसंगी त्या क्षणापुरते सामर्थ्य ईश्वर माणसात निर्माण करतो आणि त्या सामर्थ्यासह घडणारी कृती माणूस ‘कमावतो’; हेच कस्ब. समरकंदच्या अल्-मातुरीदीने (मृ. 944) निवडीला याहून अधिक जागा दिली.

युरोपातही मानवतावादी विद्वान इरॅस्मस (1524) आणि धर्मसुधारक लूथर (1525) याच कोड्यावर भांडले. अशअरी मताला सर्वांत जवळचा फ्रेंच तत्त्वज्ञ मालब्रांश : त्याच्याही मते खरे कारण फक्त ईश्वर. आगीने कापूस जळतो यात अनिवार्यता दिसत नाही, हे अशअरी विचारवंत गझालीने 1095 मध्ये मांडले. तोच धागा स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूममध्ये आढळतो, फक्त ईश्वराच्या जागी तिथे मनाची सवय येते. वाट खरी फुटते ती जर्मन तत्त्वज्ञ कांटपाशी. त्याच्या लेखी स्वतंत्र माणूस स्वतःच स्वतःला नियम घालून देतो. अशअरींच्या लेखी चांगले-वाईट ईश्वरी आज्ञेने ठरते. पण ते बुद्धीला उमगते म्हणणारे मुअतझिली इथे अशअरींपेक्षा कांटच्या जवळ उभे राहतात.

राजकीय स्वातंत्र्याचा प्रश्न निराळा. ‘हुर्रिया’ हा अरबी शब्द दीर्घकाळ मुख्यतः गुलाम नसण्याची कायदेशीर स्थिती दाखवत असे. पॅरिसमध्ये पाच वर्षे राहिलेल्या इजिप्तच्या तहतावीने 1834 च्या ग्रंथात सांगितले, की फ्रेंच ज्याला स्वातंत्र्य म्हणतात, त्याला आपल्याकडे न्याय म्हणतात.